फाटकासमोर चढणारी रेस

आधीच सांगून ठेवतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. अमरावतीजवळ नांदगाव पेठला कापडाच्या एका युनिटमध्ये मी मेंटेनन्सला आहे. मशीन रुसलं की ऑपरेटर नारळ फोडतात, मी बेअरिंग बदलतो. नारळाचं खोबरं मात्र सगळ्यांसोबत मीही खातो, ती गोष्ट वेगळी.

हे घडलं मागच्या हिवाळ्यात, अकोल्याला, जठारपेठेतल्या आमच्या घरी. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत आईनं फाटकाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. एकदा चक्कर येऊन पडली, तर दोन तास कोणाला पत्ताच नाही... तेव्हा मात्र मी हट्टालाच पेटलो. म्हटलं, आता तू माझ्याकडे अमरावतीला यायचंच.

शेवटी ती म्हणाली, "येते. पण ह्यायची गाडी इथं सोडून नाही येत. अन् टेम्पोत टाकून नाही न्यायची, चालवत ने."

ह्यायची गाडी म्हणजे बाबांची शंभर सीसीची जुनी मोटरसायकल. बाबांचा तिच्यावर फार जीव. मला म्हणायचे, "तुह्यापरीस हे गाडी जास्त ऐकते माहं." मी सुट्टी टाकून बायकोसोबत अकोल्याला आलो, गाडी धुतली, तेल बदललं, किक मारली. पहिल्या किकला सुरू झाली... आणि पाच मिनिटांनी कोणी हात न लावता रेस चढायला लागली. इंजिन नुसतं बोंबलत होतं. थोड्या वेळानं आपोआप उतरली, मग पुन्हा चढली. अशी गाडी शंभर किलोमीटर न्यायची कशी?

केबल अडकत असेल म्हणून नवी टाकली. कुठून हवा ओढत असेल म्हणून कार्बोरेटरमागचं रबर बदललं. कार्बोरेटर खोलून जेट साफ केले. एवढं करून ढिम्म फरक नाही. एकवीस वर्षं मशिनी दुरुस्त करणारा माणूस मी, मला स्वतःचीच चीड आली.

मग गाडी अकोट फैलात मेकॅनिक रहीमचाचांकडे नेली. घेतल्यापासून, माझी ही खटपट सोडली तर, या गाडीला दुसऱ्या कोणाचा पाना लागलेला नाही. दोन दिवस त्यांच्याकडे ठेवली, पण तिथं एकदाही रेस चढली नाही. दवाखान्यात गेलं की दुखणं पळतं, तशातली गत.

"भैय्या, इधर तो एकदम शरीफ है," चाचा म्हणाले. "घर पे ही नखरे करती. चलो, घर पेच देखते."

सकाळी दहाच्या सुमारास आम्ही गाडी फाटकासमोर डबल स्टँडवर लावली. पाच मिनिटं झाली आणि रेस चढली. चाचांनी गाडी बंद केली. स्लो ठरवणारा छोटा स्क्रू असतो, तोच त्यांनी पूर्ण काढून खिशात टाकला आणि भोकावर टेप चिकटवली. आता ॲक्सिलेटर सोडला की गाडी बंद पडायलाच पाहिजे. दोनदा किक मारली, दोनदा बंद पडली. चाचा खुश.

तिसऱ्या किकला ती बंद पडली नाही. रेस चढत गेली. चाचांनी दोन्ही हात वर करून मला दाखवले. माझे हात तर खिशातच होते.

तेवढ्यात आई घरातून बाहेर आली, पदराला हात पुसत. आमच्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. फाटकाची कडी काढली, बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "आली न जी." मग मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसली. रेस उतरली. स्क्रू नसलेली गाडी मिनिटभर संथ टिकटिकत राहिली आणि मग बंद पडली.

चाचा खाली बसले. आई भानावर आली, ओशाळली. मग आपणच सांगायला लागली. ती बार्शीटाकळीच्या शाळेत शिकवायची, बाबा तिला रोज एसटी स्टँडवर सोडायचे. "तुहे आजोबा समोरच बसलेले असत. त्याईच्यापुढं बायकोले हाक कशी मारतीन? हॉर्न वाजवला तरी पंचाईत. मंग रेस वाढोत. मी बसली की कमी करत." माझी शाळा सकाळची, त्यामुळे हे मी कधी पाहिलंच नव्हतं. चाचांना ठाऊक असायचं तर कारणच नाही.

आठ महिन्यांनी आई फाटकाबाहेर होती आणि परत आत जायचं नावही घेत नव्हती. मला रडू आवरलं नाही. चाचांनी स्क्रू बसवून दिला. दुसऱ्या दिवशी बायको आईला एसटीनं घेऊन निघाली आणि मी गाडी घेऊन मूर्तिजापूर, बडनेरामार्गे अमरावतीला पोचलो. वाटेत गाडीनं एकदाही त्रास दिला नाही.

त्या रेसचं कारण आजवर सापडलेलं नाही, ना मला, ना चाचांना. पण लपवत नाही... मला बाबांची फार आठवण येते. म्हणून मी इथंही चारपाच वेळा तो स्क्रू काढून, टेप लावून, किक मारून फाटकाशी उभा राहिलो. दर वेळी गाडी लगेच बंद पडली.

मागच्या रविवारी आईनं पाहिलं. "काहून हात काळे करून राहिला?" म्हणाली. मी सांगितलं.

"आता नाही होत ते," ती म्हणाली. "मी आली न इथं. आता कोणाची वाट पायतीन ते?"

माझी पाहतील की एखाद्या वेळेस, असं ओठावर आलं होतं. स्क्रू परत बसवला आणि हात धुवायला आत गेलो.