कोमट नळी

नंदकिशोर सरांना जाऊन महिना झाला, तरी त्यांची काचेची नळी कोमटच होती. संयोगिताला हे कुणाला सांगायची सोय नव्हती. बंगळूरच्या चिकपेटमधल्या जुन्या मराठा घरातली बाई, सरांच्या प्रयोगशाळेत केस पिकलेले. तिने असलं काही बोलावं तर लोक तोंडावर हसले असते.

सरांचं वेड एकच. ज्याने फळं पिकवतात, तो इथिलीन वायू. त्याचे रेणू रॅडिकलच्या, म्हणजे जोडीसाठी आसुसलेल्या अर्धवट रेणूंच्या, जोरावर जोडून प्लास्टिक करायचं, तर कारखान्यात प्रचंड दाब लागतो. सर म्हणायचे, लिथियमचा योग्य क्षार घाला, साध्या काचेतही माळ गुंफली जाईल. वायू माळेत गुंफला जाऊन नळीतला दाब उतरायचा, पण सगळे म्हणायचे, गळतेय. उभी हयात माणसाने टोमणे खाल्ले. ही शेवटची नळी लावली आणि गेले बिचारे.

संयोगिता रोज थोडा गॅस सोडायची आणि दाब रोज उतरायचा. साबणाचं पाणी लावून पाहिलं, एक बुडबुडा नाही. तळाशी मात्र मेणासारखं पांढरं काहीतरी वाढत होतं. आत कुणी निवांत जेवायला बसलंय असं तिला वाटायचं. तिने स्वतः लावलेल्या नळ्या मात्र ढिम्म, गारच राहिल्या.

उद्या सरांची खोली रिकामी होणार होती. सर खरे होते हे दाखवायचं, तर नळी आजच उघडून नमुना काढायला हवा. पण हवा लागली की रॅडिकल मरतात, वाढ आणि तिची ऊब कायमची थांबते. तिचा हात धजेना. शेवटी तिने सरांच्या पत्नीला, विद्याताईंना, बोलावून घेतलं.

बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमधून त्या कशाबशा पोचल्या. नळी हातात घेतली आणि दचकल्या.

“ही गरम आहे गं.”

“हो अक्का. रोज अशीच असते.”

विद्याताई बराच वेळ ती धरून बसल्या. “मीसुद्धा म्हणायचे त्यांना, गळतेय तुमची नळी, सोडा तो नाद.” त्यांचे डोळे भरून आले. “उघड. पण माझ्या हातातच राहू दे.”

संयोगिताने तोटी फिरवली. सूं करून हवा आत शिरली. तिने चिमट्याने पांढरा तुकडा काढून ताणला. तो लांबला, पण मेणासारखा तुटला नाही.

“सर खरे होते, अक्का.”

विद्याताईंचं तिकडे लक्ष नव्हतं. “गार पडायला लागली,” त्या हळूच म्हणाल्या. “त्या दिवशी त्यांचा हातही असाच गार पडत गेला होता.”

संयोगिताने नळी घ्यायला हात पुढे केला. विद्याताईंनी ती दिली नाही.