बरगडी दिसता कामा नये

लॅब्रॅडोर कुत्र्याचं शेपूट पाणमांजराच्या शेपटासारखं असावं लागतं, हे आमच्या ह्यांनी मला सांगितलं तेव्हा मी कणीक मळत होते. पाणमांजर ह्यांनी पाहिलेलं नाही, ह्यांच्या बापजन्मी कुणी पाहिलेलं नाही. पण मोबाईलवर वाचलं आणि सिडकोतल्या आमच्या एवढ्याशा घरात उठता-बसता पाणमांजराचा दाखला सुरू झाला. बुडाशी जाड, टोकाकडे निमुळतं आणि झुपका अजिबात नको.

शेपटावर थांबले असते तर मी ऐकून घेतलं असतं. डोकं रुंद हवं. तोंड टोकदार नको, नाहीतर कोल्ह्यासारखं दिसतं. कान मागच्या बाजूला आणि गालाला लागून, डोळे तपकिरी आणि मायाळू, पाठ सपाट, छाती पिंपासारखी, पंजे गोल आणि घट्ट. अंगावर केसांचे दोन थर, आतला मऊ आणि वरचा राठ. म्हणजे शिकाऱ्यानं पाडलेलं बदक आणायला गारठलेल्या तळ्यात उडी मारली तरी आतल्या कातडीला थेंब लागत नाही. मी म्हटलं, "अहो, आपल्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. ह्याला उडी मारायला कुठं पाठवायचं, वरच्या टाकीत?" दोन दिवस ह्यांनी अबोला धरला. धरा म्हटलं. माझी तेवढीच कटकट कमी झाली.

ह्यांनी आणलेल्या पिल्लाचा ह्यात काय दोष? ते फिकट पिवळं, मऊ, कुणाच्याही मांडीवर जाऊन झोपणारं होतं. मी त्याला पहिल्या दिवसापासून जीव लावला, आणि तो मला कुठली मापं घेऊन लावता आला नाही. ह्यांनी मात्र फ्रिजवर एका आदर्श लॅब्रॅडोरचा फोटो चिकटवला. दर रविवारी माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप काढून पिल्लाची उंची मोजायची, मग फोटोकडे बघायचं, मग पुन्हा पिल्लाकडे. शहरात कुत्र्यांचं प्रदर्शन भरणार होतं, त्यात ह्याला उतरवायचं ठरलं होतं.

अशात माझे सासरे आले. मी त्यांना मामा म्हणते. कन्नडजवळच्या गावी त्यांचा बैलांचा मोठा नाद. पोळ्याला त्यांची जोडी बघायला शेजारच्या गावांतून माणसं यायची, असं मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेय. आता दावण रिकामी आहे आणि अंगणात ट्रॅक्टर उभा आहे. ट्रॅक्टरला खुराक घालता येत नाही, ट्रॅक्टरच्या पाठीवर थाप मारता येत नाही. ती सगळी राहून गेलेली हौस माझ्या कुत्र्याच्या वाट्याला आली.

मामांनी त्याचं तोंड उघडून दात पाहिले. मांडी दाबली. पाठीवरून हात फिरवत कुशीपर्यंत आले आणि तोंड कडू केलं.

"लई रोड हाय. बरगडी लागती हाताला. जनावराची बरगडी दिसली म्हंजी मालकाची अब्रू गेली."

"मामा, बरगडी हाताला लागायलाच पाहिजे," मी म्हटलं. "ह्यांच्या मोबाईलमध्येच लिहिलंय तसं." आणि खरंच लिहिलं होतं. पाणमांजराच्या खाली दोनच ओळी सोडून. वाचून दाखवलं मी.

"ते तिकडचं आसंल, थंड मुलखातलं," मामा म्हणाले. "आपल्याकडं बरगडी दिसता कामा नाय."

आणि आमचे हे, ज्यांना शेपटाची जाडी तोंडपाठ होती, ते वडिलांपुढे मान हलवून म्हणाले, "आबा म्हणतात ते बरोबर आहे. छाती पिंपासारखी व्हायला पाहिजे ना." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या परातीत ज्वारीचं पीठ, गूळ आणि तूप कालवून गोळे वळायला सुरुवात झाली. वर कच्ची अंडी. बैलाला पोळ्याआधी घालतात तोच खुराक. लॅब्रॅडोरला पोट भरल्याचं कळत नाही, समोर येईल ते संपवायचं एवढंच त्याला ठाऊक. मामा दर फेरीला एसटीतून गुळाची ढेप आणायचे. "अहो, नांगराला जुंपायचंय का त्याला?" मी भांडले, ताट उचलून ठेवलं, गोळे कचऱ्यात टाकले, त्यावरून घरात महाभारत झालं. अन्न टाकलं म्हणून मीच वाईट ठरले. कॉलनीतली माणसं फाटकापाशी थांबून म्हणायची, "काय कुत्रं केलंय राव!" आणि ह्यांचीच छाती पिंपासारखी व्हायची.

प्रदर्शनाच्या सकाळी बापलेकांनी कुत्र्याला आंघोळ घातली आणि करडईचं तेल चोळलं. बैलाची कांती त्यानं कशी चमकते, म्हणे! मी तोंड उघडलंच नाही, कारण उघडलं असतं तर सगळी गल्ली जमली असती.

मैदानात परीक्षक बाहेरगावाहून आलेले होते. त्यांनी डोकं दोन्ही हातांत धरून पाहिलं, कान पाहिले, शेपूट बुडापासून टोकापर्यंत मुठीतून नेलं. मग बरगड्यांवर बोटं ठेवली, दाबली, आणखी दाबली. मग खिशातून रुमाल काढून तेलाचे हात पुसले. म्हणाले, आता दोरी बांधलेल्या गोलात पळवून दाखवा. हे पळू लागले. कुत्रं अर्ध्या गोलापर्यंत गेलं, मागचा डावा पाय उचलला आणि खाली बसलं. दोरीपलीकडून कुणीतरी ओरडलं, "ये कुत्ता है क्या भैंस है, मियाँ?" सगळं मैदान हसलं. कुत्रं शेपूट हलवत त्या हसणाऱ्यांकडे बघत होतं, त्याला वाटलं आपलं कौतुक चाललंय. मला त्या क्षणी सगळ्यांचा संताप आला. हसणाऱ्यांचा, रुमालवाल्याचा, आणि सगळ्यांत जास्त कुत्र्याचा पट्टा हातात धरून मान खाली घालून उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याचा.

परीक्षक जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "डोकं सुंदर आहे. शेपूट तर अगदी पाहिजे तसं आहे. पाय दाखवून घ्या."

मीच दाखवून घेतला. डॉक्टर म्हणाले, खुब्याचा सांधा गेलाय, ह्या वयात एवढं वजन पेलवलं नाही. वजन उतरवा, जिना चढू देऊ नका, उचलायचं तर पोटाखाली हात घालून उचला. लंगडणं मात्र आता जन्माचं. मी रिक्षात त्याला मांडीवर घेऊन रडले. मांडी मुंग्या येऊन बधिर झाली तरी हलवली नाही.

ह्यांनी फ्रिजवरचा फोटो काढला. त्यानंतर कुत्र्याशी बोलणंच सोडलं. ते लंगडत दाराशी गेलं की हे टीव्हीचा आवाज वाढवायचे. मी उकडलेला दुधी आणि मोजकी कोंबडी घालून त्याचं वजन उतरवत होते, आणि त्याच घरात हे गुपचूप फोन करून मामांना म्हणत होते की ह्याला शेतावर घेऊन जा, तिथं मोकळं राहील. मोकळं! शेतावरचं मोकळं म्हणजे काय ते मला माहीत आहे. विहिरीजवळच्या खांबाला साखळी, वैशाखाचं ऊन, आणि उरल्यासुरल्या भाकरी. चोर आला तर त्याचेही हात चाटील असं कुत्रं, ते राखण काय करणार? आदर्श होईना म्हणून आता नजरेआड करायचं, एवढाच त्यातला अर्थ.

एका रविवारी सकाळी गावाकडची जीप दारात उभी राहिली. पुढे ड्रायव्हर, शेजारी मामा. ह्यांनी कुत्र्याला ओढत नेऊन मागच्या बाजूला चढवलं. त्याचा पाय दुखला, ते कळवळलं, पण कुणाला चावलं नाही. ती जातच तशी आहे.

मी गॅस बंद केला, पायात चपला घातल्या आणि जाऊन जीपमध्ये कुत्र्याशेजारी बसले.

"हे काय?" हे म्हणाले. "उतर. लोक बघताहेत."

"बघू दे. मीपण शेतावर चाललेय."

मामा मागे वळले. "सूनबाई, आसं काय करताव? कुत्र्यासाठी कुनी घर सोडतं व्हय?"

"मामा, ह्याच्यात आणि माझ्यात काय फरक आहे सांगा. तुमच्या घरात आले तेव्हा मी सडपातळ होते. बाळंतपणात मलाही खा खा करून तुम्हीच सगळ्यांनी खायला घातलं. आता माझे गुडघे गेलेत, जिना उतरताना मीपण लंगडते. फोटोतल्यासारखी मी कधीच नव्हते, आता तर नाहीच. ह्याला पाठवताय तर मलाही पाठवा. त्या विहिरीजवळ दोन खांब असतील ना?"

समोरच्या गॅलरीत दोन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी आवाज मुळीच कमी केला नाही. ड्रायव्हरनं चावी फिरवून इंजिन बंद केलं. मामा पुन्हा समोर वळले आणि काचेतून बघतच मुलाला म्हणाले, "उतरव त्यांन्ला."

हे मागे आले आणि दार उघडून उभे राहिले. आधी कुणाला हात द्यावा ते त्यांना कळेना. डोळे भरून आले होते, पण मला दया आली नाही, आजही पूर्ण आलेली नाही.

"आधी त्याला," मी म्हटलं. "पोटाखाली हात घालून. दुखवू नका."