बैरूतची मुलं, मनखूलची मुलं

आमची मुलगी गेली तेव्हा पहिलीत होती. मार्च महिन्यात ताप आला, मान आखडली, मेंदूज्वर निघाला आणि आठवडा पुरा व्हायच्या आत ती गेली. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट आहे ही. आम्ही दुबईत अल मनखूलला राहत होतो. नवरा एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत एस्टिमेटर होता, मी घरी असायची.

मला रडू आलं नाही. बिल्डिंगमधल्या बायका येऊन बसायच्या. सगळ्यात वयस्कर असलेल्या काकू माझा हात धरून म्हणायच्या, "रड गं, मोकळी हो." मी उठून सगळ्यांसाठी चहा टाकायची. कुणाला बिनसाखरेचा लागतो ते माझ्या बरोबर लक्षात असायचं. त्या गेल्या की कप विसळून पालथे घालायची. नवरा पुन्हा साइटवर जायला लागला. आमच्यात भांडण वगैरे काही नव्हतं. जेवताना आम्ही टीव्ही लावायचो. तिचं नाव दोघांपैकी कुणीच घेत नव्हतं. तसं काही ठरलं नव्हतं, पण घेत नव्हतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फोटो स्टुडिओ होता. मालक दापोलीकडचे मुस्लिम गृहस्थ, बरीच वर्षं गल्फमध्ये काढलेले. सगळे त्यांना भाई म्हणायचे. मुलीचे शाळेचे, व्हिसाचे फोटो त्यांच्याकडेच काढलेले. एकदा तिथून जाताना त्यांनी मला हाक मारली.

"वहिनी, तुमचे वडील कोल्हापुरात फोटोग्राफर होते ना? मग दुकानात या. घरात बसून काय करणार?"

मी बरं म्हटलं. त्या दिवसांत कुणी काही सुचवलं की मी बरं म्हणायची.

काम सोपं होतं. व्हिसासाठी, लेबर कार्डासाठी फोटो काढायला माणसं यायची. कॉलर नीट करा, हनुवटी थोडी खाली, हलू नका. मागे कलरचं मशीन होतं, त्यातून लग्नं, वाढदिवस, नव्या गाड्यांसमोर उभी राहिलेली माणसं छापून बाहेर पडायची. मी ती पाकिटात भरायची. दिवसभर लोकांची मुलं माझ्या हातांखालून जात, केक कापणारी, पोहायला शिकणारी. भाईंना वाटायचं मला त्रास होईल. ते पाकिटं स्वतःकडे ओढून घ्यायचे. मला काही होत नव्हतं. तसं मी त्यांना सांगितलंही.

एका दुपारी एक लेबनीज इंजिनिअर आला. पन्नाशीचा, साइटच्या बुटांतच. त्याच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह होत्या आणि त्यांचे मोठे प्रिंट हवे होते. दोन-तीन लॅबमधून नकार ऐकून आला होता. तोवर सगळीकडे कलरच झालं होतं. भाई म्हणाले, "खलास हबीबी, आता ते कोण करत नाही." मी शेजारीच उभी होते. म्हटलं, "मला येतं."

वडिलांच्या डार्करूममध्ये मी लहानपणी प्रिंट धुवायला बसायची. पुढे तेही सगळं माझ्याकडेच आलं, एन्लार्जरखाली कागद लावणं, डेव्हलपरमधून काढून चित्र पक्कं करायला हायपोत टाकणं. भाईंच्या माळ्यावर जुना एन्लार्जर धूळ खात पडला होता. तो उतरवला, भिंगं पुसली. मागच्या छोट्या खोलीला काळा पडदा लावला, लाल बल्ब आणला. एकच अडचण होती. उन्हाळा सुरू झाला होता आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला कढत यायचं. केमिकल एवढं गरम चालत नाही. मग समोरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, बर्फाच्या पिशव्या आणायच्या आणि मोठ्या ट्रेमध्ये बर्फ घालून त्यात छोटा ट्रे ठेवायचा.

इंजिनिअर मूळचा बैरूतचा. युद्ध चालू असताना तो अबूधाबीत, मग दुबईत नोकरी करत राहिला. युद्ध थांबल्यावर आपलं घर शिल्लक आहे का बघायला म्हणून गेला आणि कॅमेरा घेऊन नुसता रस्त्यांवरून फिरला. निगेटिव्ह तेव्हाच्या होत्या. सगळ्यांत मुलं होती.

पहिला कागद डेव्हलपरमध्ये टाकला. पांढऱ्यावर आधी काळं उमटतं, मग मधले राखाडी भरत जातात. एका इमारतीची पुढची भिंत पूर्ण गेलेली, मजले उघडे, आणि खाली रस्त्यावर दोन मुली विजेची केबल दोरी म्हणून फिरवतायत, तिसरी मध्ये उड्या मारतेय. तिचे पाय जमिनीवर नाहीत. दुसऱ्या फोटोत कुणाच्या तरी घरातला बाथटब रस्त्यात पडलेला, त्यात चार मुलं एकामागे एक बसलीत, सगळ्यात पुढचा फळीने वल्हवतोय. तिसऱ्यात फुटपाथवर खडूने चौकटी आखून एक मुलगी लंगडी घालतेय, हातात ठिकरी. चौकटी आमच्याकडे आखतात तशाच होत्या. भिंतींना गोळ्यांची भोकं होती, ती मी आधी ग्रेन, फिल्मचे दाणे समजले.

मला काय वाटलं, असं कुणी विचारलं तर कागद एन्लार्जरच्या उजेडात थोडा जास्त वेळ ठेवायला हवा होता, एवढंच वाटलं. आकाश फार पांढरं येत होतं. हाताने सावली धरून मी मुलांचे चेहरे उजळ केले आणि आकाश गडद केलं. चांगले प्रिंट निघत होते. भाई पडद्याबाहेरून विचारायचे, "वहिनी, बऱ्या हाव ना?" मी म्हणायची, "हो, पाणी गरम झालंय, बर्फ आणा."

इंजिनिअर दर गुरुवारी काम संपवून यायचा. त्याच्या देशाची माणसं जमायची अशा एका हॉलमध्ये त्याला हे फोटो लावायचे होते. तो प्रिंट काउंटरवर मांडायचा आणि कोणते ठेवू म्हणून मला विचारायचा. त्याची हिंदी साइटवर शिकलेली, बाकी इंग्लिश. एकदा मी त्याला विचारलं, सगळी मुलंच का?

"मोठी माणसं घरात बसली होती," तो म्हणाला. "दार वाजवलं तरी बोलत नव्हती. माझी बहीणसुद्धा. बाहेर फक्त मुलं होती. मग मी त्यांचेच काढले." मग सहज म्हणाला, "मॅडम, तुम्हाला मुलं किती?"

"नाही," मी म्हटलं.

भाई मागे मशीनपाशी होते. त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. माझा आवाज नेहमीसारखाच होता. नाही म्हणायला काहीच जड गेलं नाही, याचंच मला घरी जाताना थोडं नवल वाटलं.

पुढच्या वेळी तो म्हणाला, "या शहरात मुलं खेळतात कुठे? मला गाड्याच दिसतात."

"आमच्या बिल्डिंगमागे खेळतात," मी म्हटलं. "रेतीचा मोकळा प्लॉट आहे. बाजूला नवं बांधकाम चाललंय."

त्याने खिशातून ब्लॅक अँड व्हाइटचा एक रोल काढून काउंटरवर ठेवला. "यल्ला मॅडम, मग काढा."

तो प्लॉट आमच्या किचनच्या खिडकीतून दिसायचा. मार्चपासून ती खिडकी बंद होती, बाहेर पडायला मी पुढचं दार वापरत होते. रोल बरेच दिवस पर्समध्ये पडून राहिला. मग उन्हाळ्याच्या सुट्टीला भारतात गेलेली कुटुंबं परतली, शाळा सुरू झाल्या, संध्याकाळी हवा जरा बरी व्हायला लागली. एका शुक्रवारी, सुट्टी म्हणून, नवरा झोपला होता. मी दुकानातला कॅमेरा घेऊन मागच्या जिन्याने उतरले. काही ठरवून नाही. रोल होता, कॅमेरा होता.

मुलं खेळत होती. मल्याळी, पाकिस्तानी, आपली, सगळी मिसळलेली. बांधकामाचे सिमेंटचे ब्लॉक, अर्धवट उभी भिंत, पाण्याचा टँकर. मी लांबून काढायला लागले. तिच्या वर्गातली मुलं होती त्यांत. सगळ्यांची उंची वाढली होती. मला ते आधी कळलंच नाही, मी त्यांना नवी मुलं समजत होते.

तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्याच नाशिककरांची मुलगी धावत माझ्याकडे आली. आमच्या मुलीची मैत्रीण, दोघी एकाच बसने जायच्या. पुढचे दोन दात पडलेले. मी मराठीत विचारलं, "काय खेळताय?"

"हाइड अँड सीक, आंटी." मग कॅमेऱ्यात डोकावत, अगदी सहज, तिने आमच्या मुलीचं नाव घेतलं. म्हणाली, "शी ऑल्वेज गॉट आउट फर्स्ट."

मी म्हटलं, "का गं?"

"शी हिड बिहाइंड द टँकर. एव्हरी टाइम. अँड हर फ्रॉक वॉज शोइंग." ती हसली. "वी टोल्ड हर, आंटी. पण ती ऐकायचीच नाही." एवढं एक वाक्य तिने मराठीत म्हटलं, आणि तिच्यावर राज्य आलं म्हणून कुणीतरी हाक मारली तशी पळाली.

मी रोल संपेपर्यंत फोटो काढले. टँकरचाही एक काढला. त्याच्यामागे कुणी नव्हतं.

ते प्रिंट मी बर्फ घालून, नेहमीसारखेच केले. इंजिनिअर आला तेव्हा बैरूतचे आणि हे शेजारी शेजारी पडले होते. त्याने अर्धवट भिंतीवरून उडी मारणाऱ्या मुलाचा फोटो उचलला.

"हा माझ्याकडचा कुठला? आठवत नाही."

"तो मनखूलचा आहे," मी म्हटलं. "ती भिंत पडलेली नाही. बांधतायत."

त्याच्या प्रदर्शनात त्याने तो फोटो लावायला मागितला, मी दिला. मी, नवरा आणि भाई बघायला गेलो. लेबनीज बायका बाथटबच्या फोटोसमोर उभ्या राहून हसत होत्या, एक म्हातारी मात्र फोटोकडे पाठ करून खुर्चीत बसून होती. माझ्या नवऱ्याने सगळे फोटो एकदा पाहिले, मग पुन्हा पहिल्यापासून पाहिले.

घरी मी खिचडी टाकली. जेवायला बसलो तेव्हा त्याने टीव्ही लावला नाही.

"मागच्या प्लॉटवर जायची ना ती?" त्याने विचारलं. तो साइटवरून यायचा तेव्हा ती झोपलेली असायची. त्याने तिला खेळताना फारसं पाहिलंच नव्हतं.

"रोज."

"काय खेळायची?"

"लपाछपी. टँकरमागे लपायची. दर वेळी तिथेच. फ्रॉक दिसायचा, मग पहिली आउट."

"दर वेळी?"

"तिची मैत्रीण सांगत होती. सगळ्यांनी सांगून पाहिलं, ऐकायचीच नाही म्हणे."

त्याने ताटावरचा हात तसाच ठेवला. मग त्याने तिचं नाव घेतलं, नुसतं नाव, पुढे काही नाही. मला वाटलं आता तरी मला रडू येईल. आलं नाही. मी त्याला खिचडी हवी का विचारलं. तो थोडी वाढ म्हणाला. मी वाढली, त्यावर तूप घातलं, आणि आम्ही दोघांनी पोटभर जेवून घेतलं.