हरल्यावर बांधलेला फेटा

मंडळी, आज सकाळी बारामतीच्या जिममध्ये ट्रेनरनं हातात डंबेल दिले. "काका, ठोसे मारा. खांदे मोकळे होतील, पोट आत जाईल."

मारत सुटलो. तो थांबा म्हणाला तरी हात थांबेनात.

नव्वदच्या दशकात पणदऱ्याच्या तालमीत, वस्तादांची नजर चुकवून मी हातात विटा धरून असेच ठोसे मारायचो. मला कुस्ती नको, बॉक्सिंग हवं होतं.

इंदापुरात बॉक्सिंगचा पहिला सामना. गडी अंगावर आला अन् कुस्तीच्या सवयीनं मी ग्लोव्हजसकट त्याला कमरेतून उचलून आपटलं. पंचांनी मला बाद केलं.

वस्तादांनी मात्र गावात मला फेटा बांधला. "पोरगं आपलंच हाय!"

तो फेटा उतरवायचं धाडस झालं नाही. बॉक्सिंग सुटलं, कुस्तीच करत राहिलो.

सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. कुणी प्रेमानं बांधलेला असा फेटा तुमच्याही डोक्यावर आहे का हो?