एकाच पिंपातलं तेल, तीन अहवाल

जुलैत योकोहामातून पळून जायला कुठलंही निमित्त चालतं. मला मोरिता-सानांचा मेसेज आला, "शनिवारी कानुमाला या, शेतं बघायला." पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा? त्यांना शेतं दाखवायची होतीच, शिवाय माझ्याकडून एक कामही करून घ्यायचं होतं.

मोरिता-सान आणि मी नऊ वर्षं एकाच टीममध्ये होतो. मी सॉफ्टवेअर तपासणारी, ते लिहिणारे. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून ते कानुमाला, गावी आईकडे गेले आणि सीबीडी तेलाचा छोटा उद्योग सुरू केला. भांगेच्याच झाडातला, पण नशा न आणणारा हा घटक. बाहेरून आणलेला अर्क खोबरेल तेलात मिसळायचा आणि बाटल्या भरायच्या. जपानमध्ये हे विकता येतं, पण नशा आणणारा टीएचसी त्यात नावापुरताच चालतो. मर्यादा इतकी बारीक की जरा वर गेलं तर ते तेल म्हणजे अमली पदार्थ, आणि ते जवळ बाळगणारा गुन्हेगार. म्हणून लॅबचा अहवाल लागतो. त्यांचं विक्रीचं वेबपान मी बनवलं होतं. त्यावर अहवाल चढवायचा आणि विक्री सुरू करायची, एवढंच माझं काम.

जाणाऱ्यांसाठी: योकोहामाहून शोनान-शिंजुकु लाइन थेट उत्सुनोमियाला जाते. साधारण अडीच तास लागतात, भाडंही तेवढंच, अडीचेक हजार येन. बसायला जागा हवी असेल तर सकाळी सातच्या आत निघा. उत्सुनोमियाला गाडी बदलून निक्को लाइन घेतली की पाव तासात कानुमा. पुढे बस आहेत, पण इतक्या तुरळक की वेळापत्रक पाठ नसेल तर हाल होतात. मला न्यायला मोरिता-सान स्वतःची इवलीशी गाडी घेऊन आले होते.

आधी जेवण. इथला निरा सोबा चुकवू नका. सोब्याच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवयांवर निरा ही लसणीच्या वासाची हिरवीगार पात, सगळं मिळून हजार येनच्या आत. रस्सा माशांचा असतो, शाकाहारी मंडळींनी आधी विचारावं. माझ्यामागच्या टेबलावर एक आजोबा बायकोला सांगत होते, "आज पात जास्त घातली आहे." आजी न बघताच म्हणाल्या, "तुम्ही दर वेळी हेच म्हणता."

मग शेतं. देवळातल्या घंटेच्या दोरांसाठी इथे पिढ्यान् पिढ्या हे भांगेचं झाड लावतात. ही जात नशा न आणणारी, तरी कुंपण आणि पाट्या आहेतच. आत जाऊ नका, पानाला हात लावू नका, फोटोही विचारून काढा. माझ्यापेक्षा दीडपट उंच झाडं वाऱ्यावर डुलत होती आणि खाली इतकी गार सावली की मला तिथेच कुंपणाला टेकून बसावंसं वाटलं.

त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये तेलाचं स्टीलचं पिंप होतं. मोरिता-सानांच्या आई, वय ऐंशीच्या पुढे, बाटल्यांना लेबलं चिकटवत होत्या. मोरिता-सानांनी टेबलावर तीन पाकिटं ठेवली.

"तीन का? मला एकच हवाय," मी म्हटलं.

"पहिली लॅब म्हणते, मर्यादेच्या आत. दुसरी म्हणते, बाहेर. म्हणून तिसरीकडे पाठवलं. ती म्हणते, आत." त्यांनी दुसरं पाकीट बाजूला सारलं. "दोन विरुद्ध एक. तिसरा अहवाल चढवा."

लॅबची यंत्रं वेगळी, पद्धती वेगळ्या, इतक्या बारीक मोजणीत फरक पडतो, हे मला ठाऊक होतं. पण एकाच तेलाचा इतका फरक? तपासणाऱ्याची खोड जात नाही. मी विचारलं, "नमुना कसा भरलात?"

त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "वरचं, स्वच्छ, नितळ तेल काढलं. चांगल्या बाटलीत घालून नीट बांधून पाठवलं. कुणाला काही पाठवायचं तर चांगलंच पाठवतात ना? दुसऱ्या वेळी मात्र मला ताप होता. आईनं भरलं, तळाच्या नळातून."

मी पिंपात डोकावले. तळाशी मेणासारखा थर दिसत होता. म्हणजे अर्क नीट विरघळलाच नव्हता. तळात टीएचसी जास्त असेलही, नसेलही, नुसतं बघून कसं सांगणार?

"मोरिता-सान, हे नाही चढवता येणार."

ते हसले. मग अगदी साधेपणानं म्हणाले, "पण मृणाल-सान, हे मी तुमच्याकडूनच शिकलो. लाल आलं तर पुन्हा चालवा, हिरवं आलं की पाठवून द्या."

ते खरं होतं. शुक्रवारी संध्याकाळी एखादी चाचणी नापास व्हायची, स्क्रीनवर लाल दिसायचं. मी काही न बदलता ती पुन्हा चालवायची. तिसऱ्यांदा हिरवं दिसलं की आम्ही सगळे घरी. असं कितीदा केलं त्याची मोजदादही नाही. मला भयंकर लाज वाटली.

"ते चूक होतं," मी म्हटलं. "तेव्हाही चूकच होतं."

मोरिता-सानांचं वर्षभराचं काम त्या पिंपात होतं. ते विकलं नाही तर पुढचा अर्क आणता येणार नाही, हे त्यांनी मला गाडीतच सांगितलं होतं.

त्यांच्या आईंनी लेबल लावणं थांबवलं. "केंजी, वरचं तू लॅबला पाठवलंस. मग तळातलं कोण पिणार होतं?"

परतताना उत्सुनोमियाला ग्योझा, म्हणजे सारण भरलेल्या छोट्या करंज्या खाल्ल्या, इथली ओळखच ती. पण चव लक्षात नाही. घरी निखिलला, माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्यांचं नुकसान केलंस का गं?" केलं, थोडं केलंच. आणि ते करायला मला तिथवर जावं लागलं, स्वतःची चूक मात्र इतकी वर्षं दिसली नाही, याचा राग अजून आहे. सोमवारी ऑफिसात मी मॅनेजरना त्या जुन्या चाचण्यांबद्दल सांगितलं. चेहरा पडला त्यांचा. दोन आठवडे माझं त्या पुन्हा तपासण्याचंच काम चालू आहे.

मोरिता-सानांनी प्रांताच्या कार्यालयाला स्वतः फोन केला. माणसं आली, पिंप सील करून गेली. ते आता आठवड्याचे चार दिवस एका कोन्बिनीत, चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, काउंटरवर असतात. त्यांनी मला एकच काम सांगितलं: तिन्ही अहवाल पानावर चढवा, काहीही न लपवता. मी चढवले. विकायला काहीच नसलेलं ते दुकान आता सुरू आहे.

पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकानं अहवालांखाली विचारलं, "यातला खरा कुठला?"

मी उत्तराचा मसुदा लिहायला घेतला होता, पद्धती, यंत्रं, नमुने, बरंच काही. तेवढ्यात मोरिता-सानांचं उत्तर दिसलं. "मला माहीत नाही. म्हणून विकत नाही."