वरून चौथा

मुलगी बी.एस्सी.ला गेली तेव्हा कळलं, आता विज्ञानाच्या मुलांनाही एक विषय कला शाखेतला घ्यावा लागतो. तो मोबाईलवरच निवडायचा. जागा थोड्या, जो आधी बोट लावेल त्याला मिळणार. तिला मानसशास्त्र हवं होतं. वनस्पतींचंही शिकायचं आणि माणसाच्या मनाचंही, असं ती महिनाभर म्हणत होती.

नेमकी तेव्हाच कुही गावी तिच्या मामाकडे धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी निघाली. मजूर मिळेनात, म्हणून त्यानं तिला दोन दिवस बोलावलं. तिकडे शेतात, धानाच्या बांधीत नेटवर्क येत नाही. कॉलेजात नंबरही माझाच दिलेला. जाताना तिनं माझ्या फोनवर सगळं उघडून ठेवलं आणि समजावलं, उद्या दहाला यादी येईल, नोटिशीत मानसशास्त्र चौथं आहे, तर तू वरून चौथा दाब.

"बोट थरथरू देऊ नको, आई. गॅस नाही पेटवून राहिली तू."

मी हसले. तिचे बाबा बुटीबोरीला कंपनीत कामाला आहेत, ते सातलाच निघाले. दहाला फोनवर चाक फिरत राहिलं. साडेदहाला यादी आली, सगळी इंग्रजीत. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं आणि मी चौथीपर्यंतच शिकले. एकदा वाटलं, कोणाकडून वाचून घ्यावं. शेजारची सून बँकेत आहे, तिची सुट्टी होती. फोन घेऊन तिच्या दारापर्यंत गेले. बाहेर पाहुण्यांच्या चपला होत्या. परत आले.

बोटानं दोनदा मोजलं आणि वरून चौथा दाबला. हिरवी खूण आली. कोणाला तरी सांगावंसं वाटलं, पण घरात कोणी नव्हतं. मी तांदूळ निवडायला बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आली. पायाच्या नखांत चिखल तसाच होता. आधी फोन मागितला. यादी वरखाली सरकवून पाहिली. दहानंतर एक विषय भरला होता, आणि भरलेला विषय यादीतून निघूनच जातो. खालचे सगळे एकेक वर सरकले होते. मी दाबलं ते समाजशास्त्र होतं.

"नाव नाही वाचलं काय तू?"

"मले इंग्रजी नाही येत. चौथीच शिकली मी."

अठरा वर्षं एका घरात राहून तिला हे ठाऊक नव्हतं. तिच्या शाळेच्या प्रत्येक कागदावर मी मान हलवून सही केली होती.

"मंग सांगितलं काहून नाही?"

तिचे पाय धुवायला मी बादलीभर पाणी आणलं. कॉलेजात तिनं विनंती केली, पण या सत्रात बदल होणार नाही म्हणाले. ती मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. जेवताना पूर्वी कॉलेजचं काहीबाही सांगायची, ते कमी झालं.

दिवाळीआधी समाजशास्त्राच्या मॅडमनी गल्लीतल्या दहा बायकांच्या शिक्षणाची माहिती आणायला सांगितली. कागद मराठीत होता. ती संध्याकाळभर घरोघरी फिरली. शेजारच्या सुनेशी तर तासभर बोलत होती. त्यांचं हसणं मला ओट्याशी ऐकू येत होतं. माझी पाळी येईल म्हणून मी धुतलेलं पातेलं साडीला पुसत उभी राहिले. ती आली, जेवली आणि झोपली.

सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा टेबल पुसताना कागद दिसले. दहावा माझा होता. नाव, वय, शिक्षण चौथी, सगळं तिनंच भरलं होतं. शाळा का सोडली, याच्यापुढची जागा कोरी होती.

तिथं मी लिहिलं, पाचवी गावात नव्हती. पुढं अजून लिहिलं, मला जायचं होतं. तिला नको असेल तर खोडता यावं म्हणून पेन्सिलीनं लिहिलं, आणि कागद होता तसा सगळ्यांच्या खाली ठेवला.

तिनं दहाही कागद पिशवीत घातले आणि कॉलेजला गेली. त्याला आज चार दिवस झाले. तिनं ते वाचलं का, मला अजून ठाऊक नाही.