बाबांचं ‘बरं हाय’

आईबाबांनंतर मी ज्या व्यक्तीचा सर्वांत जास्त ऋणी आहे, तिचं नाव सुमनताई. वर्ध्याच्या ज्या दवाखान्यात बाबांच्या हाताची मलमपट्टी होत असे, तिथे त्या फरशी पुसायच्या.

बाबा देवळीच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. तिथे त्यांचा उजवा हात मशीनच्या पट्ट्यात सापडला. हात वाचला, पण बोटं मिटेनात. अपघात विम्याचा अर्ज मी भरला. घरात पदवीपर्यंत शिकलेला मी एकटाच, त्यामुळे प्रत्येक कागद माझ्याकडेच येतो. डॉक्टरांनी भरायचं पान मात्र मी नुसता सही-शिक्का पाहून पाठवून दिलं. महिन्याभराने दावा नाकारून विमा कंपनीने ते परत पाठवलं. त्यावर लिहिलं होतं, ‘सुधारणा आहे. नेहमीचं काम करू शकतील.’ विमा कंपनीकडून तेच कळल्यावर जिनिंगवाल्यांनी बाबांना सोमवारपासून मशीनवर बोलावलं. न मिटणारा हात घेऊन बाबा पुन्हा त्याच पट्ट्यापाशी उभे राहणार होते, म्हणून ते पान घेऊन मी त्यांना डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं.

वर्ध्याला निघताना बाबा नेहमीसारखे मारोतीच्या पाया पडायला गेले. मी चप्पल न काढता देवळाबाहेरच उभा राहिलो. रोज सकाळी मारोतीला पाणी घालणारा हातच देवाने घ्यावा, याचा मला राग होता.

दवाखान्यात मी डॉक्टरांशी चढ्या आवाजात बोललो. त्यांनी शांतपणे केसपेपर पुढे सरकवला. प्रत्येक भेटीत एकच नोंद होती, रुग्ण बरं आहे म्हणतो. “मी दुसरं काय लिहिणार? बाहेर बसा, थोड्या वेळाने बोलवतो,” ते म्हणाले.

बाहेर येऊन मी बाबांना विचारलं, असं का सांगितलंत? ते म्हणाले, “देवानं जीव वाचवला, साहेबांनी हात वाचवला. मंग त्याहीच्यासमोर रडगाणं गाऊ का?”

तेवढ्यात बादली घेऊन सुमनताई आल्या. तोवर मी त्यांच्याशी कधी बोललोही नव्हतो.

“काऊन जी भाऊ, तोंड पाडून बसले?”

मी सगळं सांगून टाकलं. त्या हसल्या. “हे बाबा? पट्टी सोडताना दुखते म्हणून दात आवळतेत, अन् डॉक्टर आले का म्हणतेत, बरं हाय! मले दिसते ना.” मग बाबांकडे वळल्या. “उचला बरं ही बादली. उजव्या हातानं.”

बाबांनी कडीत बोटं घातली. बादली जरा उचलली गेली आणि निसटली. पाणी सगळीकडे पसरलं.

“गेली माही पुसलेली फरशी! डॉक्टरले देव मानता ना बाबा? मंग देवापाशी खोटं काऊन बोलता?”

बाबांनी डाव्या हाताने बादली उचलून सरळ ठेवली.

आत बोलावल्यावर मला तोंड उघडावंच लागलं नाही. बाबाच म्हणाले, “साहेब, बादली धरता येत नाई. सदऱ्याच्या गुंड्या बायको लावून देते. मशीनचा दांडा हातात राह्यतच नाई.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवला, स्वतःची बोटं बाबांच्या मुठीत देऊन दाबायला सांगितली, एकेक सांधा मोजला. मग नव्या पानावर सविस्तर लिहिलं: कोणता हात, अपघात कधीचा, कोणतं बोट किती वाकतं, जिनिंगमधलं कोणतं काम यापुढे जमणार नाही आणि हे व्यंग कायमचं आहे. “या वेळी वाचून न्या,” ते म्हणाले. मी ओळ न् ओळ वाचली.

त्या घटकेला सुमनताईंना तिथे कुणी पाठवलं, मी सांगू शकत नाही. देवाला शरण जायचं म्हणजे सगळं छान आहे म्हणायचं, असं आम्ही समजत होतो. जे मोडलं ते मोडलेलंच त्याच्यापुढे ठेवायचं असतं, हे आम्हाला त्यांनी शिकवलं. पुढे मी आभार मानायला गेलो, तर कंत्राट संपून त्या तळेगावला परतल्या होत्या. नर्सबाईंकडून पत्ता घेऊन मी हे पत्र पाठवलं:

‘सुमनताई, सप्रेम नमस्कार. ज्यांनी तुमची पुसलेली फरशी ओली केली, ते आम्ही. बाबांचा दावा मंजूर झाला. ते मशीनवर गेले नाहीत. कुणी तब्येत विचारली की आता सांगतात, “उजवा हात चालत नाई, बाकी देवाची दया हाय.” मारोतीला ते डाव्या हाताने पाणी घालतात. तांब्या मी भरून देतो, चप्पल बाहेर काढून. आई म्हणते, देवळीकडे आल्या तर जेवूनच जाजा. तुमचा, बादलीवाल्या बाबांचा मुलगा.’